वर्गात आई म्हणायचं नाही

बाईंना सगळेच बाई म्हणायचे, हे आधी लिही. दूधवाला, वाणी, खालच्या मजल्यावरचा तो किरकिऱ्या म्हातारा, सगळे. नवरा चिडवायला लागला की तोही बाईच म्हणायचा. आई म्हणणारा तेव्हा जगात एकच, त्यांचा मुलगा.

हायस्कुलात बीजगणित शिकवायच्या. आता अक्षरांची बेरीज कशी करतात ते देवालाच ठाऊक, पण बाईंचे नियम अख्ख्या गल्लीला पाठ होते. आमच्या जिन्यावरून जाणारं प्रत्येक पोर ते पुटपुटत जायचं ना! घंटा झाली की दार बंद, आतून कडी. गणित पेन्सिलीनं करायचं, खाडाखोड दिसली की पान परत. एकेक पायरी खालोखाल मांडायची. नुसतंच उत्तर लिहिलं तर "हा चोरीचा माल कुठनं आणलास रे?" म्हणायच्या आणि भोपळा हातावर ठेवायच्या. मोबाइल सगळ्यांचे टेबलाच्या खणात, बाईंचा स्वतःचासुद्धा, बंद करून. चाचणी चुकली तर शून्य. घरच्या मोठ्या माणसानं आधी कळवलं असेल तरच पुन्हा घेणार. पहिल्याच दिवशी हे सगळं कागदावर छापून द्यायच्या आणि आईबापाची सही आणायला लावायच्या. खाष्ट नव्हत्या हं. कच्च्या पोरांना शाळा सुटल्यावर घेऊन बसायच्या, आवाज न चढवता तेच तेच पुन्हा सांगायच्या. पण नियम म्हणजे नियम, तिथं राजा नाही न् रंक नाही.

नवऱ्याचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. जगाची घड्याळं लावून द्यायचा आणि स्वतः कायम उशिरा. "मी तुझ्या वर्गात असतो तर जन्मभर दाराबाहेरच उभा," म्हणायचा. बाई हसायच्या, म्हणायच्या, "घरात तरी कुठं आत असतोस?"

मुलगा नववीत गेला आणि नेमका आईच्याच वर्गात आला. मोठे सर म्हणाले होते, दुसऱ्या तुकडीत घालू, तिकडे दुसरे मास्तर आहेत. बाई ऐकतात कुठल्या! त्यातून त्या म्हाताऱ्यानं जिन्यात टोमणा मारलेला, "आता काय, घरचाच पेपर आणि घरचेच मार्क." तो झोंबला त्यांना. मग एकट्या मुलासाठी त्यांनी आणखी एक नियम काढला. जेवताना सांगितला.

"वर्गात मला आई म्हणायचं नाही. तिथं मी बाई."

"आणि चुकून तोंडातून गेलं तर?"

"तर मला ऐकूच आलं नाही असं समज. लक्ष देणार नाही."

नवरा म्हणाला, "जपून रे बाबा. उद्या घरात म्हणशील, बाई, आमटी वाढा!" तिघंही हसले. बाईंना तर ठसका लागला.

आणि त्या बोलल्या तशा वागल्या. पहिल्याच आठवड्यात पोराच्या तोंडून "आई, हे कसं" असं निघून गेलं. वर्ग खिदळला. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहिल्या, जणू खिडकीबाहेर कावळा ओरडला. पोराचे कान लाल झाले. मग त्यानं "बाई" म्हटलं, तेव्हा कुठं त्या वळल्या, आणि छान समजावून सांगितलं. पोर हुशार, एकदाच शिकलं.

चाचणीच्या दिवशी बाई नेहमीसारख्या आधी निघून गेल्या. बापलेक मागनं निघाले. बाप दुकानाचं शटर वर करायला वाकला आणि छाती धरून खालीच बसला. शेजारच्या शिंप्यानं गाडी थांबवली. दोघांनी मिळून त्याला इस्पितळात नेलं. शाळेच्या मागच्याच रस्त्याला आहे इस्पितळ. खाटेवर टाकलं तेव्हा शुद्धीत होता. लेकाला म्हणाला, "आईला घेऊन ये." फोन लावला, तर तो खणात, बंद. पोर पळत सुटलं.

वर्गाचं दार लागलेलं. त्यानं वाजवलं.

"बाई, आत येऊ?"

"घंटा झाली."

"बाई, जरा बाहेर येता?"

"चाचणी चाललीय. घरच्या मोठ्या माणसानं कळवलं होतं का?"

आत खसखस पिकली. याच्या घरचं मोठं माणूस कोण ते सगळ्यांना माहीत!

"बाई, महत्त्वाचं आहे."

"इथं पण महत्त्वाचंच चाललंय. जा, वाचनालयात बस. सुटल्यावर बोलू."

बाईंना वाटलं, लोळत पडला असेल, उशीर झाला म्हणून गयावया करतोय. आणि सगळा वर्ग कान देऊन बसलेला, आता बाई आपल्या पोरासाठी कडी काढतात की नाही. नाही काढली. दारापलीकडचं तोंड त्यांना दिसत नव्हतं.

बाबाचं नाव का नाही घेतलं त्यानं? लोक विचारतात. अगं, बाप मरायला टेकलाय हे बंद दारातून, हसणाऱ्या वर्गापुढं ओरडून सांगवतं का तेवढ्याशा पोराला? ते हापिसात गेलं. तिथं शिपाई भेटला, त्याला कसंबसं सांगितलं आणि बाप एकटा आहे म्हणून पुन्हा पळालं. शिपाई पुस्तकांचे गठ्ठे ठेवून निघाला आणि दार वाजवलं, तोवर चाचणी उरकत आली होती. बाई चप्पल न घालता धावल्या. इस्पितळात मुलगा खोलीबाहेरच्या बाकावर बसलेला होता. शिंपी सांगत होता, शेवटपर्यंत दार वाजलं की मान वळवून विचारायचे, "आली का?"

पुढचं काय सांगू. घरात दोघंच उरली. काही दिवसांनी बाईंना राहवलं नाही. मुलाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अरे, एकदा आई म्हणून हाक मारायचीस रे! मी कडी उखडून आले असते."

तो म्हणाला, "मारली असती, तरी तुम्हाला ऐकू आली नसती. तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई."

तुम्ही. आणि बाई. घरात, त्यांच्या तोंडावर.

त्यांनी चाचणीचा नवा पेपर काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हळूच सरकवून परत दिला. "घरच्यांनी आधी कळवलं नव्हतं. शून्यच राहू दे, बाई. नियम सगळ्यांना सारखा."

रागानं बोलला असता तर बरं, भांडण तरी मिटतं. पण पोर गुणाचं. बाजारहाट करायचा, ताप आला तर उशाशी बसायचा, कधी उलट शब्द नाही. एकदा बाई रडून म्हणाल्या, "बाई नको रे म्हणूस." त्यानं मान हलवली, आणि काहीच म्हणेनासा झाला. जेवण झालं का, येताय का, एवढंच. हाकच गेली. शेवटी बाईच म्हणाल्या, "म्हण बाबा तुला हवं ते." मुक्या घरापेक्षा बाई परवडली.

नवऱ्याच्या दुकानातला पेचकस घेऊन त्यांनी वर्गाची कडी स्वतः काढली. पुढं कोणी कधीही यावं. उशिरा येणाऱ्याला पहिलं विचारायच्या, "घरी सगळं ठीक ना रे?" पोरं काय, बोट दिलं की हात धरणार! एका मुलीची आजी एका वर्षात तीनदा वारली, आणि तिन्ही वेळा बाईंनी तिला पोटाशी धरलं. बाकीचे मास्तर म्हणायचे, "अहो, फसवतात तुम्हाला." बाई म्हणायच्या, "फसवू दे. एखादं खरं असेल."

मुलगा मोठा झाला, नोकरी, लग्न, सगळं रीतसर. सून बिचारी तोंडभरून आई म्हणते. बाई ओ देतात आणि नजर जाते मुलाकडे.

निवृत्त झाल्यावर गुडघा धरला. मुलगा त्याच इस्पितळात घेऊन गेला. बाईंना बाकावर बसवून केसपेपरच्या खिडकीपाशी गेला. आतल्या माणसानं विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?"

"आई."

बाईंनी ऐकलं. त्यांच्यासाठी नव्हता तो शब्द, खिडकीतल्या माणसासाठी होता. पण उपाशी माणूस सांडलेलं शीतही वेचतो, बाळा. मुलगा वळून म्हणाला, "चला बाई, आपला नंबर आला." त्या उठल्या, आणि पायाला काही झालंच नाही अशा चालल्या.

तेव्हापासून बाईंना काही ना काही दुखायचं. कधी कंबर, कधी डोकं, कधी नुसतंच कसंसं. डॉक्टर म्हणायचे, काही नाही. मुलगा कपाळाला आठी न घालता दरवेळी न्यायचा. बाई खिडकीजवळचाच बाक धरायच्या आणि मान खाली घालून कान टवकारून बसायच्या.

असं किती दिवस चालणार? परवा खिडकीतल्या माणसानं मुलाला लांबूनच ओळखलं. हसला, कागद पुढं केला आणि म्हणाला, "या, या. बाईंना घेऊन आलात ना?"

आता ओळख झाल्यावर कोण कशाला विचारतंय, ही तुमची कोण म्हणून. बाई बाकावरून उठल्या. मग मुलाला म्हणाल्या, "चल रे, घरी जाऊ. थांबलं दुखायचं."