पिकप पाहाले यवतमाळले

सकाळची पयली यष्टी फाट्यावर आली तवा मी चिमीले पदरात गुंडाळून उभी होती अन् पायरीवर पाय टाकाले भेऊन राह्यली होती. चिमी माही पोरगी, आठ महिन्याची. तिचे पप्पा आजवर दुसऱ्याच्या गाड्या चालवत आले, आता आपली सोताची पिकप घ्याची म्हणून आम्ही झरीकून यवतमाळले निघालो होतो. गाडी घ्याले जाऊन राह्यली अन् गाडीचाच भेव! हसू नोका, सांगतो काहून ते.

बोंडअळीनं आमच्या गावच्या साऱ्या पराट्या (कापसाची झाडं) खाल्ल्या त्या साली गावात वेचाले कापूसच राह्यला नाई. मंग आम्ही बाया भाड्याच्या पिकपनं दूरदूरच्या वावरात (शेतात) जाऊ लागलो, नदीपलीकडं तेलंगणातबी. मांगच्या डाल्यात (माल भराच्या उघड्या पेटीत) पंधरा जणी, बसल्या तर बसल्या, नाई तर उभ्या. एक दिवस नाल्याच्या उतारावर गाडी कलंडली. चिमी तवा माह्या पोटात होती. मले नुसतं खरचटलं, पण माही जाऊ खाली सापडली, तिचा खुबा मोडला, अजून काठी धरून चालते. तवापासून अर्ध्या बाया टोळीतून गेल्या, आठ जणी राह्यल्या.

मुक्ताबाई आमची मुकडदमीण, म्हणजे टोळी चालवणारी. ती फाट्यालोक (फाट्यापर्यंत) आली होती आम्हाले सोडाले. म्हणे, "वंदे, तू ज्या गाडीले हो म्हणशीन तिच्यात आम्ही बसू. तू नाई म्हणलं तर तुह्या नवऱ्यानं तिच्यात गोटे भरावं."

"पण मावशी, मले काय समजते गाडीतलं?"

"पडाचं समजते ना? तेवढं पुरे."

चिमीचे पप्पा हसले, पण त्याइचं तोंड उतरलं होतं. बाया बसल्या नाई तर गाडीले रोजचं भाडं नाई. अन् गाडी नाई जमली तर ते पुण्याले जाणार होते, कोण्या कंपनीची गाडी चालवाले, वर्षातून दोनदा घरी. हे त्याइनं मले आदल्या दिवशी जेवताना सांगतलं होतं, भाकर मोडता मोडता, माह्याकडं न पाहता. म्हणजे मी हो म्हणलं तर भेव अन् नाई म्हणलं तर पुणे.

यष्टीच्या खिडकीतून पाह्यलं तर माय वं! पळस असा फुलला होता का जंगलात कोणी लाल लुगडे वाळू घातले असं वाटे. सागाले एक पान नाई, अन् मधामधात पळसाचा जाळ. हे जंगल माह्या घरामांगंच हाय, पण मी त्याच्याकडं कधी बसून पाह्यलंच नव्हतं. पाह्यलं ते डोक्यावर मोळी घेऊन.

पांढरकवड्याले उतरलो अन् मोठा रोड लागला. हा रोड कन्याकुमारीले जाते म्हणे. एक टरक गेला त्याले किती चाकं होते ते मी मोजत होती तर तो संपेचना, चौदावर गेली अन् पुढं विसरली. चिमी रडाचं सोडून तोंड उघडं टाकून पाहे. मीबी तशीच पाहून राह्यली होती.

"तोंड मिट," चिमीचे पप्पा म्हणे. "माशी जाईन."

"कोणाले म्हणून राह्यले, चिमीले का मले?"

"दोघीइले."

घाटंजीले बाजाराचा दिवस होता. आलुबोंडा खाल्ला, वरून लाल तर्री (तेलाचा तिखट रस्सा), डोळ्यातून पाणी आलं तर आलुबोंडेवाली म्हणे, "पाणी आलं म्हंजे पैशे वसूल." तिथी एक म्हातारे बाबाजी आपली पिकप इकून राह्यले होते. निळी गाडी, लंबा डाला, मांग मोराचं चित्र. चिमीच्या पप्पाइचा जीव तिच्यावर पाह्यल्याबरोबर गेला, मले दिसलंच ना ते. आमच्याजवळ बैलजोडी इकलेले अन् साठवलेले जेवढे पैशे होते त्यात बरोबर बसे.

मी मुक्ताबाईचं बोलणं ध्यानात ठेवून चिमीले कडेवर घेऊन डाल्यात चढाले गेली. पाय टाकाले जागाच नाई. चाकावर पाय देऊन, फाळका (डाल्याची मांगची झडप) धरून कशीतरी वर गेली. वर गेल्यावर साऱ्या डाल्यात हात फिरवला, कडा दाबून पाह्यल्या.

बाबाजी खालून म्हणे, "बाई, गाडी घेऊन राह्यली का बोकड?"

"बोकड असता तर दात पाह्यले असते, बाबाजी."

एका कोपऱ्यात टाट (गोणपाट) अंथरलं होतं. मी ते उचललं तर खाली भोक, पायाचा पंजा जाईन एवढं, अन् त्यातून रस्त्यावरची गिट्टी दिसे. चिमीच्या पप्पाइनं ते पाह्यलं अन् कागद मांगतले. कागद पाहून म्हणे, "बाबाजी, हिचं पासिंग तं संपलं."

मले काय मालूम पासिंग काय असते, मी म्हणलं, "नापास झाली का?" मी सोता सातवीत नापास झाली होती, मले गाडीची दया आली.

बाबाजी म्हणे, "नापास नाई वं माय. परीक्षेलेच बसली नाई." आजूबाजूचे सारे लोक हसले, मीबी हसली, पण त्या भोकापाशी माही जाऊ बसली असती तर, हे मनातून जायेना. मंग चिमीच्या पप्पाइनं मले समजावून सांगतलं का सरकार गाडी तपासून चालवाले लायक हाय का ते कागदावर देते, त्याले पासिंग म्हणतात. मोर तिथंच सोडला अन् पुढची यष्टी धरली.

यवतमाळ! मी आजवर फक्त दवाखान्याले आलती, डोळे मिटून. आता डोळे उघडे ठेवले. भाव तरी इचारू म्हणून नव्या गाड्याच्या दुकानात गेलो, तिथं भिंतीच्या जागी काचच काच, अन् आत एवढी थंडी का चिमीले शिंक आली. फरशीत माहं तोंड दिसे. मी चपला काढून हातात घेतल्या तर एक पोरगी पळत आली, पँट-शर्ट घातलेली, गळ्यात फितीले ओळखपत्र, म्हणे, "अहो ताई, राहू द्या, घाला चपला." माह्याच वयाची असन. तिनं आम्हाले खुर्चीवर बसवलं अन् पाणी दिलं, अन् मंग कागद काढून इचारलं. रोज किती किलोमीटर? रस्ता डांबरी का कच्चा? घाट आहे का? बजेट किती? मी पाहतच राह्यली. गाडी घ्याच्या आधी आपल्याले एवढं काही इचारतात हेच मले मालूम नव्हतं.

मंग तिनं इचारलं, "आणि लोड काय असणार? गाडीत भरणार काय?"

"कापूस, मिरची, भाजीपाला," चिमीचे पप्पा म्हणाले.

"अन् बाया," मी म्हणली.

त्याइनं टेबलाखालून माह्या पायाले पाय लावला. पण निघालं तोंडातून.

तिनं पेन खाली ठेवला. "ताई, बाया लोडमध्ये येत नाहीत. डाला मालासाठी असतो. माणसं बसवणं कायद्यात नाही, आणि काही झालं तर विम्याचे पैसेसुद्धा मिळत नाहीत."

चार वर्षं मी डाल्यात बसून गेली, कोणी मले म्हणलं नव्हतं का तू माल नाई. पोलीस पाहत, वावरवाले पाहत, आम्हीबी एकमेकीले पाहत. अन् ही कोठची कोण पोरगी, एसीत बसून, कागदाकडं पाहून सांगून राह्यली का आम्ही माणसं.

"मंग आम्ही कायच्यात जावं?" मी इचारलं.

"दोन ओळी शिटा असलेली पिकप येते. पुढे माणसं, मागे लहान डाला. जितक्या शिटा तितकीच माणसं. नवी तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार, खोटं कशाला सांगू. जुनी बघा." अन् तिनं कागदावर जुन्या गाड्याइच्या जागेचा रस्ता काढून दिला, चौक, पेट्रोल पंप अन् बाण. तिचं दुकान सोडून आम्हाले दुसरीकडं धाडलं!

जुन्या गाड्या एका मोठ्या आवारात उभ्या होत्या. तिथले मिस्त्री, चाचा म्हणत त्याइले सारे, पांढरी दाढी, कोपरालोक काळे हात. चाचांनी एक बटन दाबलं अन् अख्खी पिकप हवेत वर उचलली गेली, पार आमच्या डोक्यावर! मी मांग सरकली.

चाचा म्हणे, "आओ बेटी, डरो मत. गाडी लेने का तो पहले उसका पेट देखने का. वरचा रंग तर कोणीबी मारते."

मी चिमीले घेऊन गाडीखाली गेली. लोखंडाच्या नळ्या, दांडे, एक मोठं गोल भांडं, मधामधात तेलाचे डाग. उभ्या गाडीखाली उभं राहाचं! चिमीनं वर हात केला अन् हसली. चाचांनी काडीपेटीतली काडी टायरच्या खाचीत खुपसून दाखवली, खाच खोल तर टायर चांगला. सांगाड्यावर नखानं खरवडून दाखवलं, गंज वरचा का आतला. ही गाडी दोन ओळी शिटाची होती, वणीकडच्या कोळशाच्या खदानीत कामगार नेणारी. फटीफटीत काळी भुकटी. खदानीत कामगार शिटावर बसून जातात, हे ऐकून मले नवलच वाटलं.

पण चिमीच्या पप्पाइचा जीव तिच्या बाजूच्या लंब्या डाल्याच्या पिकपवर. दोघीइची किंमत सारखीच. तिथी आमचं भांडण लागलं.

"हा काय डाला हाय? खाट तरी मावन का याच्यात?" ते खदानीच्या गाडीकडं पाहून म्हणे.

"शिटा पाहा ना."

"शिटा खाशीन का? चार बाया न्याच्या, वापस याचं, पुन्हा चार न्याच्या. दोन खेपा! डिझल कोण टाकीन, तुहा बाप?"

"माह्या बापाले मधात आणू नोका. बाया सोडल्या का येताना मिरचीचे पोते भरून आणा. रिकामी गाडी आणाचीच कायले?"

"त्या लंबीत एका खेपेत साऱ्या जातात. मी हळू चालवीन ना वं. माह्यावर इस्वास नाई का तुहा?"

मले रडूच येऊन राह्यलं होतं. त्याइच्यावर इस्वास हाय, पण नाल्यावरचा डायवरबी हळूच चालवत होता. मंग एकदम माह्या ध्यानात आलं अन् मी इचारलं, "तुम्ही कधी डाल्यात बसले का?"

"म्हंजे?"

"म्हंजे मांग. चालत्या गाडीत."

ते सोळाव्या वर्षापासून गाडीवर, आधी क्लीनर, मंग डायवर, कायम समोर. चाचा मिशीत हसले. म्हणे, "चलो भाऊ, बैठो. एक चक्कर मारते."

लंब्या पिकपच्या डाल्यात चिमीचे पप्पा बसले अन् चाचा गाडी घेऊन गेले. मी आवारात चिमीले दूध पाजत बसली. एवढा येळ लागला का मले वाटलं आता काही झालं. गाडी आली तवा ते डाल्यात दोन्ही हात फाकवून, दोन्ही कडा धरून, खाली मुंडी घालून बसले होते, केसात धूळ, एक चप्पल पार फाळक्यापाशी. उतरताना पाय टाकाले जागा सापडेना त्याइले.

ते नळावर जाऊन तोंड धुवून आले.

"बिरेक मारला का धराले काहीच नसते," ते म्हणे. मंग तोंड पुसता पुसता, "अन् समोरचा खड्डा दिसतच नाई वं. एकदम येते."

"हाव."

"तू पोटुशी होती तवा बी..."

"हाव ना जी."

त्याइनं खदानीच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवला. "चाचा, हिचे कागद दाखवा."

मी हो म्हणली. कोणी इचारलं नव्हतं तरी म्हणली, मोठ्यानं.

कागदात आठ दिवस गेले. मंग पुन्हा दोघं जाऊन गाडी घेऊन आलो. मी समोरच्या शिटावर, चिमी मांडीवर, पट्टा लावलेला. एवढ्या उंचावरून मी आपला मुलूख कधी पाह्यला नव्हता. वाळलेल्या पराट्याचे वावरं पार टेकडीलोक, उनात रुप्यावानी. डाल्यात बसलं का गेलेलं दिसते, समोर बसलं का येणारं दिसते, हा फरक मले तिशी व्हाच्या आधी समजला ते बरं झालं. घाट आला. मी डोळे मिटले नाई. वानेराची टोळी कठड्यावर बसली होती अन् सारे आमच्याकडं पाहून राह्यले होते, जशी पांढरकवड्याले मी टरकाकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडं मिरची तोडाले जाचं होतं. पयल्या खेपेले चौघी, मांगं मुक्ताबाई अन् दोघी, समोर मी, चिमीले जावेपाशी ठेवून. चिमीचे पप्पा गाडी चालूच करेनात.

"मावशी, दार लावा."

"कोणतं दार?" मुक्ताबाई म्हणे. सवय कोठची! डाल्याले कधी दार होतं? तिनं इतकं हळू लावलं का लागलंच नाई. मंग इतक्या जोरानं लावलं का सारा कोंबडवाडा ओरडला.

मी मांग वळून पाह्यलं तर तिघी एकमेकीचे मनगटं घट्ट धरून बसल्या होत्या, डाल्यात धरतात तशा. नाल्याचा उतार आला. उतार गेला. रस्ता सरळ झाला तरी मनगटं तशीच, म्हणून मी हसाले पुन्हा वळली.

मुक्ताबाई झोपली होती. तोंड उघडं, मान बाजूच्या बाईच्या खांद्यावर, हात अजून तिच्या मनगटावर. ती बाई हलेना का मावशी जागी होईन म्हणून. चालत्या गाडीत, कामावर जाताना झोपलेली मजूर बाई मी जिंदगीत पयल्यांदा पाह्यली. मी चिमीच्या पप्पाइले खुणेनं सांगतलं का हळू, अन् त्याइनं हळू घेतली.