अंदाजाने ओढलेले चेहरे

माझ्या काकाला सगळे पट्टीकाका म्हणतात. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि तोंडात एकच प्रश्न, "मोजलंस का?" चोवीस वर्षं त्याने कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. काकू म्हणते, मला बघायला आला तेव्हाही दाराची चौकट डोळ्यांनी मोजत होता. कारखाना बंद पडला आणि तो जुने फोटो दुरुस्त करायला आमच्या स्टुडिओत आला. मी तिथे आठ महिने आधीपासून होते.

आमच्या मालकांचं सगळं काम अंदाजपंचे. स्कॅन केलेला फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये उघडला की आडवा पसरायचा. भली माणसं बेडकासारखी दिसायची. मालक कड धरून चित्र आत ढकलायचे आणि माणूस जरा माणसात आला की थांबायचे. मलाही तेच शिकवलं, मीही मुकाट्याने तेच करत राहिले. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

पहिल्याच दिवशी काकाने हा प्रकार पाहिला आणि नाक मुरडलं.

"बांगडी दे तुझी."

त्याने ती स्कॅनरवर ठेवली. दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये आडवं अंडं निघालं. तीच फाइल नुसत्या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर गोल बांगडी. मग तो स्कॅनरच्या सेटिंगमध्ये शिरला. एका इंचात आडवे सहाशे ठिपके, उभे तीनशेच.

"बघायच्या प्रोग्रॅमला दोन्ही आकडे समजतात," काका म्हणाला. "हा दुसरा शहाणा प्रत्येक ठिपका चौकोनी धरतो. म्हणून रुंदी दुप्पट. हे कोणी केलं?"

"मी," मालक म्हणाले. "स्कॅन लवकर होतो. एवढ्याने कुणाचं काय बिघडतं?"

"नाकं बिघडतात."

मालक हसले. त्या हसण्याचा मला वीट आला, कारण ते मी आधी ऐकलं होतं. महिन्यापूर्वी एक आजी आल्या होत्या. तरणा मुलगा गेलेला, मागे ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. डोळ्यांना दिसेना म्हणून मोठा करून हवा होता. मी करून दिला. दुसऱ्या दिवशी परत आल्या. "बाळा, हा माझा नाही गं. ह्याचे गाल बघ." मालक हसून म्हणाले, "आजी, वय झालं की विसरायला होतं." तिसऱ्या खेपेला आजींनीच हळूच विचारलं, "मीच विसरले असेन का?" मालक म्हणाले, "तेच तर सांगतोय." मी शेजारी बसून पाकिटं चिकटवत होते.

हे काकाला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघेना.

"रुंदी किती टक्क्यांवर आणली होतीस?"

"साठेक."

"पन्नास हवे होते."

जुनी स्कॅन फाइल कॉम्प्युटरमध्ये होती. त्याने रुंदी बरोबर निम्मी केली, पट्टी लावून बघायच्या प्रोग्रॅममधल्या फोटोशी ताडून पाहिली, नवा फोटो छापला, आणि पावतीवरच्या पत्त्यावर मला सोबत घेऊन निघाला. स्कॅनरचे दोन्ही आकडे सहाशे करूनच उठला.

आजींची एकच खोली, दुसऱ्या मजल्यावर. औषधांच्या डब्याशेजारी मी केलेला तो रुंद मुलगा फ्रेममध्ये, काच लख्ख पुसलेली. काकाने सगळं समजावलं, चूक आमची होती हे दोनदा सांगितलं. मीही माफी मागितली. आजी नवा फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ उजेडात धरून उभ्या राहिल्या.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा, आजी," काका म्हणाला. "मोजून केलाय."

"नाही हो. माझा तो तिथे आहे." त्यांनी फ्रेमकडे बोट केलं. "सुरुवातीला मलाही परका वाटायचा. डोकं चालत नाही ना आता माझं. रोज बोलून बोलून ओळख पटवली."

आजींनी फोटो जपून पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला.

"देखणा आहे पोरगा. ज्या आईचा असेल तिला नेऊन दे. वाट बघत असेल बिचारी."