टाकीच्या इंजिनाचं गरम पाणी

आमची चाळीतली खोली रेल्वेच्या यार्डाला लागून होती. मधे फक्त तारेचं तुटकं कुंपण. हे शंटिंगच्या इंजिनावर फायरमन होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचं काम. लांबच्या गाड्यांची मोठी इंजिनं कोळशा-पाण्याचा वेगळा डबा मागे घेऊन जातात. यांचं तसलं नव्हतं. इंग्रजांच्या वेळचं, बुटकं, आणि पाण्याच्या टाक्या अंगावरच, गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या टाकाव्यात तशा. टाक्या लहान, म्हणून पाणी लवकर संपायचं. दिवसभर मालाचे डबे इकडून तिकडे ढकलायचे आणि मधूनमधून नळाखाली जाऊन पाणी भरून यायचं. हे घरी यायचे तेव्हा बोलायचंही त्राण नसायचं.

माझ्या बाळंतपणात एकदा घरात सरपण संपलं. तेव्हा यांनी कुंपणापाशी इंजिन थांबवून, कोळसा भिजवायच्या नळीतून बादलीभर कढत पाणी दिलं. शेजारणीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने बादली आणली, मग तिच्या शेजारणीने. नाही म्हणायची मला लाज वाटायची. यांनाही म्हणवत नसे. वर्षभरात सकाळची बादली हा चाळीचा हक्कच झाला.

त्या दिवाळीत यांची ड्रायव्हरची परीक्षा महिन्यावर आली होती. पास झाले की हातातलं फावडं सुटणार होतं. उजवा खांदा तेव्हाच वर जात नव्हता.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी ड्रायव्हर तासाभरासाठी घरी गेले, इंजिन यांच्यावर सोपवून. बायका बादल्या सोडून हंडे घेऊन आल्या. घरोघरी तेल-उटणं लावून माणसं खोळंबली होती. मीही मुलाच्या अंघोळीसाठी पाणी न्यायला आले होते. माझी बादली भरून देताना हे हळूच म्हणाले, "टाकीत थोडंच उरलंय, आणि नळाच्या वाटेवर मालगाडी उभी आहे. मागच्यांना परत पाठव. बायकांना मी काय सांगू?"

मी वळले. दहा-बाराजणी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "वहिनी, तुमचं झालं ना? मग सरका की."

मी सरकले. बादली घेऊन खाली मान घालून घरी आले.

उन्हं वर आली तरी ती मालगाडी हलली नाही. मागच्यांचे हंडे भरता भरता टाक्यांनी तळ गाठला. बॉयलरमधलं पाणी फार उतरलं तर बॉयलर जळतो, म्हणून यांना भट्टीतला सगळा विस्तव रुळावर ओढून टाकावा लागला. सणाच्या दिवशी अर्धं यार्ड अडून बसलं.

चौकशीत पाणी कुठे गेलं असं विचारलं. यांनी "मी दिलं" एवढंच सांगितलं. ना चाळीचं नाव घेतलं, ना ड्रायव्हरांचं. परीक्षेच्या यादीतून नाव गेलं. चाळीतलं कुणी त्याबद्दल विचारायला आलं नाही. पाडव्याला फराळाची ताटं मात्र आली, आणि मी ती घेतली.

पुढे सात वर्षं यांनी त्याच इंजिनात कोळसा टाकला. मग ते इंजिन भंगारात गेलं, डिझेलवर नवी मुलं आली आणि परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही.

एका रविवारी दुपारी यांच्या खांद्याला तेल चोळताना मी म्हणाले, "अहो, त्या दिवाळीत मी बायकांना काही सांगितलंच नव्हतं."

"माहीत आहे. मी वरून बघत होतो."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलायचं काम तुला सांगितलं, ही चूक माझी. लग्नाला चार वर्षं झाली होती. तुझा स्वभाव माहीत नव्हता म्हणायची सोय नाही."

यांनी कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले. सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण नुसता थकवा आला. मी तेलाचे हात पुसले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.