जपानी म्हातारीला मोऱ्याचा आवाज

मी घरी बसून कार्टूनचे मराठी संवाद लिहिते. दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जपानी मालिका आली. तिच्या नायकाचा चेहरा सीवूड्सच्या मॉलमध्ये डब्यांवर, दप्तरांवर, अगदी मोज्यांवरही होता. समुद्रातल्या राक्षसांशी लढणं हा त्याचा उद्योग. राक्षसांचं मराठी मला जमलं. अडले ती धक्क्यावर मासळी वाळवणाऱ्या एका म्हातारीपाशी.

त्याच दिवसांत सासूबाई मोरा बंदरावरून आमच्याकडे नेरूळला आल्या होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. जन्म मासळी विकण्यात गेलेला. डॉक्टरांनी टीव्ही बंद केलेला, म्हणून काळा चष्मा लावून सोफ्यावर बसायच्या आणि मी मोठ्याने वाचत असलेले संवाद ऐकायच्या.

"वत्सा, तुझ्या धैर्याला सीमा नाही," मी वाचलं.

"ही कोन बाय हाय गो? तलाठ्याची बायको?"

"मासळीवाली आहे, आई."

"मंग तिची मासली कोन घेनार?"

मी त्यांनाच विचारून म्हातारीचे सगळे संवाद पुन्हा लिहिले. मालिकेचं डबिंग करणारी दिग्दर्शिका पंचविशीतली होती. तिने ते वाचले आणि विचारलं, "हे बोलणार कोण?" मी सासूबाईंचं नाव सुचवलं. डोळा बरा झाल्यावर त्या नऊवारी नेसून, गजरा माळून वाशीच्या स्टुडिओत आल्या. तिथे आवाजच घेतात हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

पहिली अडचण तोंडाची. सासूबाईंचं वाक्य एका दमात संपायचं आणि पडद्यावरची म्हातारी पुढे तोंड हलवतच राहायची.

"आई, तिचं तोंड बंद होईपर्यंत बोला," दिग्दर्शिका म्हणाली.

उरलेल्या जागेत सासूबाईंनी "मेल्या" घातलं. ते इतकं चपखल बसलं की साउंडवाल्याने हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला.

शेवटच्या वाक्यावर मात्र गाडी अडली. नायक होडीत चढतो आणि म्हातारी म्हणते, "जा बाळा, समुद्र तुझी काळजी घेईल."

"मी नाय बोलनार," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"दर्या कोनाची कालजी घेत नाय. पोराला खोटं कशाला सांगू?"

दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "आई, तुम्ही काय म्हणाल?"

सासूबाई माइकला नाक लावून म्हणाल्या, "लवकर ये रं मेल्या. भात निवंल."

दिग्दर्शिकेने तेच ठेवलं. ओठही जुळले होते.

रेकॉर्डिंग मंजुरीसाठी जपानला गेलं आणि तिकडून एकच शंका आली: 'मेल्या' म्हणजे काय? मी अर्धा दिवस पत्र लिहिण्यात घालवला. शब्दशः अर्थ 'मरण पावलेला', पण तो जिवंत आणि लाडक्या माणसालाच म्हणतात, असं समजावलं. चार दिवसांनी उत्तर आलं. अर्थ समजला, शब्द राहू द्यावा; मात्र नायक मालिकेत मरत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तो भाग लागला तेव्हा आम्ही मोऱ्यालाच होतो. घरात शेजारपाजार जमला होता. सासूबाईंनी त्या म्हातारीला प्रथमच निवांत पाहिलं. "बाय बरी हाय," त्या म्हणाल्या, "पन आभाल आलंय आनि ही बोंबील वालत घालतंय. सगले कुजनार." स्वतःच्या आवाजाबद्दल अवाक्षर नाही. शेजारणीने कौतुक केलं तेव्हा मात्र चेहरा लपवायला उठून उगीच पाणी आणायला गेल्या.

नायक परत येतो का, हे त्यांनी मला त्याच संध्याकाळी विचारलं. पुढचे भाग लागेपर्यंत कथा कुणालाही सांगायची नाही, असं मी लिहून दिलं होतं, तेच त्यांना सांगितलं.

"सासूला पन नाय?"

"कोणालाच नाही, आई."

त्यानंतर मोऱ्याहून दर आठवड्याला येणारी मासळी बंद झाली. फोनवर त्या मुलाची आणि नातवंडांची चौकशी करायच्या, माझी नाही. तिसऱ्या आठवड्यात नवरा ताटातल्या कोबीकडे बघत म्हणाला, "सांगून टाक ना."

मी सासूबाईंना फोन लावला आणि दार बंद करून नायक कसा परत येतो ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "भात गरम करून दिला का तिने?"

तो प्रसंग मालिकेत नव्हता. मी "हो" म्हणाले.