तिसऱ्या खोलीतली द्वारकाबाई

सकाळचे साडेआठ झाले होते. नवव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळे घरात होती नव्हती ती सगळी भांडी भरून ओट्यावर, जिन्यात, दारापर्यंत मांडलेली. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता. एवढ्यात दार वाजलं. बेल असताना हातानं दार वाजवणारं आमच्या गल्लीत एकच माणूस, द्वारकाबाई. "घंटी वाजवायला मी काय पाहुणी हाय?" असं तिचं म्हणणं.

ती माझ्याकडं कामाला नाही. शेजारच्या सत्यशीलावहिनींकडं आहे, एकोणीस वर्षांपासून.

"ताई, मॅडमनं बोलावलंय. वही-पेन घेऊन या म्हणल्या."

"वही कशाला गं?"

"दोन मशिनी आल्यात झाडायच्या. आपोआप फिरतेत म्हणं. एक ठेवायची, एक वापस करायची. मार्क लिहायला तुम्ही पायजेत, तुम्ही बीए हायेत ना." मग दारातलं सांडलेलं पाणी पायानं बाजूला सारत ती हळूच म्हणाली, "एक तर ठेवणारच म्हणतेत, ताई. मंग माझं काय?"

"अगं, मशीन काय भांडी घासतं का?"

"भांड्याची मशीन दिवाळीलाच आल्ती. कपड्याची तर पयल्यापासून हाय. माझ्याकडं आता झाडूच राह्यला."

यावर मी कुकरखालचा गॅस बारीक केला आणि वही शोधायला आत गेले.

द्वारकाबाई मस्तगडच्या वस्तीतून चालत येते. एकेकाळी तिच्याकडं पाच घरं होती. अकरा वर्षांपूर्वी सत्यशीलावहिनींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा वहिनींनी तिला बाकीची चार घरं सोडायला लावली. "दिवसभर इथंच राहा, मरेपर्यंत तुला सोडत नाही." कोणाच्या मरेपर्यंत, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. सासूबाई तीन वर्षांनी गेल्या. त्यांचं हगणंमुतणं जिनं काढलं, तिला पुन्हा झाडूवर आणलं गेलं. आता तिची छप्पन्न उलटली आहे, उजवा गुडघा जिना चढताना वाजतो, आणि नव्या अपार्टमेंटवाल्यांना तरण्या बाया लागतात. सोडलेली चार घरं केव्हाच दुसऱ्यांची झाली.

पण तिचं झाडणं बघावं. प्रत्येक खोलीच्या दाराशी पायाचे तळवेसुद्धा पुसणार. कोपऱ्यातून सुरुवात, पलंगाखाली पालथं पडून, शेवट उंबऱ्याशी. आणि कचरा टाकायच्या आधी तो सुपलीत बोटानं पसरून बघणार. ह्या सवयीनं वहिनींच्या लेकीचं, अक्षताचं, कानातलं दोनदा सापडलं आहे. दोन्ही वेळा तिनं ते खिडकीत ठेवलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

मी गेले तेव्हा वरच्या मजल्यावर सगळी तयारी झाली होती. शिवाजीराव, म्हणजे वहिनींचे मिस्टर, बियाण्याची एजन्सी चालवतात. दोन वाण शेजारी-शेजारी लावून बघितल्याशिवाय त्यांच्या घरात लग्नसुद्धा ठरत नाही. वर तीन सारख्या खोल्या, बारा बाय बारा. पहिल्या खोलीत पांढरं यंत्र, दुसऱ्या खोलीत काळं. दोन्ही जेवणाच्या ताटाएवढी गोल. शेजारी त्यांचं ठाणं, त्यात कागदी थैली. फिरून झालं की यंत्र आपणहून ठाण्यावर जातं आणि पोटातला कचरा थैलीत ओततं. माणसानं हात लावायचा नाही. दोन्ही अक्षतानं पुण्यातून मागवलेली, दहा दिवसांत नापसंत ते परत.

"आणि तिसरी खोली?" मी विचारलं.

"चेक," शिवाजीराव म्हणाले. "आमच्या ट्रायलमध्ये नव्या वाणांच्या बाजूला जुना वाण लावावा लागतो. त्याला चेक म्हणतात. त्याच्याशिवाय नवं किती भारी ते कळत नाही. तिसऱ्या खोलीत द्वारकाबाई."

"जुना वाण!" वहिनी हसल्या. "उगवण कमी, खत जास्त."

द्वारकाबाईही हसली. तिला वाटलं, आपलं नाव स्पर्धेत आहे म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही.

बियाण्याचे नमुने तोलायचा काटा आणला होता. कारखान्यांकडून येऊन गच्चीवर बसते ती काळी बुकटी, ज्वारीचं पीठ, सोयाबीनचा भुसा, थोडी सरकी. प्रत्येक खोलीत बरोबर दोनशे ग्रॅम. ते पसरायचं कामही द्वारकाबाईलाच दिलं. एकोणीस वर्षं पुसलेल्या फरशीवर मुठीनं घाण उधळताना तिचा हात अडखळत होता.

"फेक की जल्दी. पेरायला लावलं नाही तुला," वहिनी म्हणाल्या.

यंत्रं सुटली. भिंतीला नाक लावत, वळत, गुरगुरत फिरायला लागली. तिसऱ्या खोलीत झाडूची सरसर. सोळा मिनिटांत द्वारकाबाई उंबऱ्याशी आली. यंत्रांचं चालूच होतं.

"मी जिंकली का?" तिनं मला विचारलं.

"वेळेचे मार्क नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ह्याला चहा लागत नाही, हे लक्षात घे."

"लाइट तर लागती ना, मॅडम. माझा चहा ओतून द्या त्याला, चालतंय का बघा."

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

थोड्या वेळानं दोन्ही यंत्रं ठाण्यावर चढली आणि असा आवाज करून रिकामी झाली की खालची कुत्री भुंकायला लागली. शिवाजीरावांना फोन आला, ते गच्चीत गेले. वहिनी चहा टाकायला खाली उतरल्या. मी जिन्याच्या पायरीवर बसून तक्ता आखत होते. परत वर बघितलं तेव्हा द्वारकाबाई दुसऱ्या खोलीतून सुपली घेऊन बाहेर येत होती. सुपलीशिवाय तिला मी कधी बघितलंच नव्हतं.

मग वहिनींनी पहिल्या दोन्ही खोल्यांचे कोपरे पांढऱ्या रुमालानं पुसून बघितले. रुमाल तसाच पांढरा. "बघा! कोपऱ्यातसुद्धा कण नाही." दोन्हींना दहापैकी दहा. मी लिहिलं.

नंतर वजन. पांढऱ्याच्या थैलीत एकशे एक्क्याऐंशी ग्रॅम. काळ्याच्या थैलीत एकशे अठ्ठ्याऐंशी. द्वारकाबाईच्या सुपलीत दोनशे एकतीस.

"दोनशे टाकले, दोनशे एकतीस निघाले?" वहिनी काट्यावरून तिच्याकडं वळल्या. "वजन वाढवायला कचरा आणलास कुठून? गॅलरीतून? खोटेपणा करतेस माझ्या घरात?"

द्वारकाबाईचं तोंड उतरलं. "न्हाई मॅडम. बिलकुल न्हाई."

"मग हे काय? काटा खोटं बोलतो?"

ती काट्याकडंच बघत राहिली. बहुतेक आपण काय केलं ते तिच्या लक्षातच नव्हतं. मी वहीत बघितलं आणि तीन आकड्यांची बेरीज केली.

"वहिनी, बेरीज सहाशे येते. मशीननं जे सोडलं ते हिनं उचललंय. दोन्ही खोल्यांतलं. म्हणून तुमचा रुमाल पांढरा राहिला."

मला वाटलं, झालं, आता निकाल लागला. सहाशेतला एक ग्रॅमही न सोडणारी ही बाई, हिच्यापुढं यंत्र काय टिकणार?

"कोपऱ्यात भुसा तसाच होता, मॅडम," द्वारकाबाई म्हणाली. "तुमी पुसून बघणार हायेत म्हणल्यावर तसं कसं ठेवू? मी असताना?"

शिवाजीरावांनी मान हलवली. "ट्रायल बाद. चेकनं दुसऱ्या प्लॉटमध्ये हात घातला. उद्या परत घ्या. आणि उद्या चेक नको."

एवढंच. खोटेपणाचा शब्द वहिनींनी मागं घेतला नाही, आणि मीही तो मागं घ्यायला लावला नाही. चहा झाल्यावर तिन्ही खोल्या पुन्हा पुसून द्वारकाबाई घरी गेली.

संध्याकाळी अक्षताचा फोन आला. खरी परीक्षा लांब केसांची, असं तिचं मत. केस ब्रशला गुंडाळले की यंत्र बंद पडतं. पण लांब केस आणायचे कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी हे द्वारकाबाईसमोर काढलं, आणि ही आपणहून बोलली, "माझ्याकडं हायेत की."

तिच्या वस्तीत केसांवर भांडी देणारी बाई येते. विंचरताना निघालेले केस बाया कागदात, डब्यात साठवतात, आणि ती तोलून त्याच्यावर पातेलं नाहीतर डबा देते. द्वारकाबाईनं आठ महिन्यांचे साठवले होते, स्वतःचे आणि लेकीचे, बेबीनंदाचे. झाकणाच्या पातेल्यापुरते झाले होते.

"मंग वापस मिळतील ना, मॅडम?"

"केसांना काय होतंय? मिळतील की."

ती मस्तगडापर्यंत परत चालत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळी घेऊन आली. आणताना चेहरा असा, जणू कालचं सगळं भरून निघणार.

यावेळी दोनच खोल्या. दोन्हींत सारखा कचरा, सारखे केस. मधल्या जागेत एक स्टूल ठेवलं होतं, जिथून दोन्ही दारं दिसतात.

"तू इथं बसायचं. हात मांडीवर. उठायचं नाही."

द्वारकाबाई बसली. त्या घरात पाहुण्यांसमोर ती स्टुलावर बसलेली मी पहिल्यांदा बघितली. अक्षता व्हिडिओ कॉलवर होती, फोन मी धरला होता.

यंत्रं निघाली. पांढरं कपाटाच्या पायाशी भुसा सोडून पुढं गेलं. द्वारकाबाईचा हात मांडीवरून उचलला गेला. "हां!" वहिनी म्हणाल्या. हात खाली. काळ्यानं दाराची पट्टी सहज ओलांडली आणि बाहेर येऊन तिच्या पायांपाशी थांबलं. एक दिवा लुकलुकला. डावीकडून, उजवीकडून अंदाज घेतला आणि वळून गेलं.

"आई, फोटो आला बघ ॲपवर!" अक्षता खिदळली. "अडथळा ओळखतं ना ते. द्वारकामावशीच्या पायांचा फोटो काढलाय आणि खाली लिहिलंय, चप्पल!"

सगळे हसले. भेगा पडलेले, राखेच्या रंगाचे दोन पाय फोनवर दिसत होते. मीही हसले. द्वारकाबाईनं पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

तेवढ्यात पांढरं घरघरलं आणि थांबलं. बाईच्या आवाजात इंग्रजीतून मदत मागायला लागलं. केस ब्रशला पार पिळून बसले होते.

"अगं बाई, अडकली बिचारी," म्हणत द्वारकाबाई उठली.

"बस खाली!"

ती बसली. यंत्र बोलत राहिलं. काळं मात्र केस गिळून ठाण्यावर गेलं आणि गरजून रिकामं झालं. वहिनींनी माझ्याकडं बघून बोट वर केलं. मी वहीत काळ्यापुढं बरोबरची खूण केली.

पांढरं परत जाणार होतं, आणि परत जायचं तर स्वच्छ पाहिजे. ते काम कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती. द्वारकाबाईनं ते उलटं करून मांडीवर घेतलं आणि कात्रीनं ब्रशवरचे केस कापून काढले. बोटाएवढे तुकडे झाले. असल्या तुकड्यांना भांडेवाली हात लावत नाही. तिनं ते गोळा करून कचऱ्यात टाकले, फडक्यानं यंत्राची चाकं पुसली, खोक्यात बसवलं, वर थर्माकोल लावला. चिकटपट्टी मी धरली.

मग वहिनी म्हणाल्या, "द्वारका, एक तारखेपासून येऊ नकोस. दिवाळीला ये, तुझी साडी ठेवीन बाजूला."

"कोपऱ्यातलं राहतंय, मॅडम. आठ दिवसाला एक चक्कर..."

"राहू दे कोपऱ्यातलं. कालचा प्रकार झाल्यावर मला डोक्याला ताप नको. मशीन निदान लबाडी करत नाही."

मी म्हणाले, "वहिनी, काल तर बेरीज..."

"तुझ्याकडं ठेव की मग हिला," वहिनी म्हणाल्या. अगदी शांतपणे, हसून.

मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले. आमचं घर दोन खोल्यांचं, मी स्वतःच झाडते. हे खरं आहे.

द्वारकाबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं झाडू उचलला, जिन्यातला आपला कोपरा होता तिथं उभा करून ठेवला. सुपली त्याच्यावर पालथी. हात धुतले, पदराला पुसले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, गुडघा वाजला. मग थांबली आणि परत वर येऊन काळ्या यंत्राच्या ठाण्यापाशी उभी राहिली.

"आता काय राहिलं?" वहिनींनी विचारलं. "ती थैली फोडायला सांगू नकोस हं. सीलबंद असते, महाग येते. अजून दोन महिने भरणार नाही."

ठाण्यावरचा दिवा हिरवा लागला होता. द्वारकाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग वहिनींकडं.

"मशीन ठेवा, मॅडम. मी काही म्हणत न्हाई. त्यातले माझे केस तेवढे मला काढून द्या."