शेखसर आणि तीन पाट

शेखसर 'बसा' म्हणायचे तेव्हा तिथे खुर्ची नसायची. असायचे एकावर एक ठेवलेले तीन लाकडी पाट, त्यांनी बुधवार पेठेतल्या घरून आणलेले. हात पुढे धरून पाटाला जेमतेम टेकेपर्यंत खाली जायचं आणि तसंच उठायचं. टाच उचलली गेली की ती बैठक मोजायची नाही. वीस नीट जमल्या की सर एक पाट काढून घेत.

जिना चढताना गुडघे दुखायचे म्हणून मी कर्वेनगरातल्या, सर शिकवत त्या जिममध्ये गेलो होतो. "खुर्चीने बिघडवलेला माणूस आहात आपण, वेळ लागणार," असं माझं स्वागत झालं. नवी मुलं बैठकीला स्क्वॉट म्हणत आणि आरशासमोर मोबाइल धरत. सर म्हणत, "अहो, फोटो नंतर. आधी बूड मागे न्या. हे नीट नसेल तर वर रचाल ते सगळं कलणार."

तीन महिने झाले तरी त्यांनी माझ्या खांद्यावर वजन दिलं नाही. ऑफिसातला मित्र दुसरीकडे साठ किलो घेऊन बसत होता आणि रोज व्हिडिओ पाठवत होता. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "शेवटचा पाट राहिलाय. घाई असेल तर रिक्षा करा."

मला राग आला. मी जिमच्या नव्या मालकाकडे गेलो. "लेखी द्या ना," तो म्हणाला. त्याला सर नकोच होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरीही मी लिहून दिलं, की या शिक्षकांमुळे आमचा वेळ वाया जातो. पुढच्या सोमवारी सर नव्हते. पाटही नव्हते.

नव्या ट्रेनरने मला आधी नुसती दांडी दिली, मग वजनं चढवत गेला. "बेस एक नंबर आहे तुमचा. कुणी करून घेतला?" मी पाणी प्यायला निघून गेलो. मला स्वतःची शिसारी आली. पण तो कागद परत मागायला मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात सर मंडईबाहेर दिसले, भावाच्या लसणाच्या ढिगामागे उकिडवे बसलेले.

"बसा," ते म्हणाले. मी समोर उकिडवा बसलो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"टाचा टेकल्या. झालं काम."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मालकाने आपला अर्ज दाखवला होता," लसूण निवडत ते म्हणाले. "अक्षर सुंदर आहे. उठा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी उठलो. गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत.