काकांनी आज पुन्हा काळे सूले मागितले

मंडळी, आज दुपारी गच्चीवर सूले होते, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मटण. शेगडीपाशी माझी सून. पंच्याऐंशीच्या काकांनी ताटली परत पाठवली. "बेटा, अजून काळे कर. जळल्याशिवाय चव नाही."

माझं डोकंच फिरलं.

साठच्या दशकात बाबा इथेच जयपूरला फौजेत होते, काका आमच्याकडे राहायचे. दोघं भाऊ अशीच ताटली परत पाठवायचे. आई धुरात डोळे पुसत पुन्हा भाजायची. बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, आणि तेराव्याला हेच काका सगळ्यांना सांगत होते, "वहिनीने जाळून जाळून खाऊ घातलं." आई मरेपर्यंत ते ऐकत राहिली.

करपलेल्या मांसाने कॅन्सरचा धोका वाढू शकतो, असं डॉक्टर म्हणतात. बाबांना त्यानेच झाला का, कोण सांगणार? पण ते मागत कोण होतं, हे मी सांगू शकते.

मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. "काका, ऐकू नाही आलं. काय म्हणालात?"

त्यांनी हसत हसत, मोठ्याने पुन्हा सांगितलं.

व्हिडिओ आत्ताच घरच्या ग्रुपवर टाकलाय. खाली आईचा फोटो. काकांचा फोन वाजतोय, वाजू दे.

तुमच्या घरी करपलेलं कोण मागतं, आणि बोल कुणाला लागतो?